सर्जाअप्पांचं माप चुकलं

सर्जाअप्पा माणसांना अरेतुरे करतात आणि ट्रॅक्टरला अहोजाहो.

समोर कोण उभं आहे याचा त्यांना काडीचा फरक पडत नाही. पुण्याहून प्लॉट बघायला आलेले मोठे डॉक्टर असोत, नाहीतर गावचे सरपंच असोत, "काय रे, कवा आलास?" हा सगळ्यांना एकच भाव. पण सकाळी घराच्या पडवीत उभ्या असलेल्या त्या लाल, म्हणजे पूर्वी कधीतरी लाल असलेल्या ट्रॅक्टरपुढं गेले की आवाजात एकदम साखर येते. "उठताय ना साहेब? आज मार्गासनीला जायाचंय. उतार हाय थोडा, घाबरायचं न्हाई." ट्रॅक्टरचं नावच साहेब. साहेब सुरू झाले नाहीत तर अप्पांच्या तोंडून शिव्यांचा पट्टा सुटतो, पण तो बॅटरीवाल्याला, डिझेलवाल्याला आणि तिथं जो कोणी बघत उभा असेल त्याला. साहेबांना अवाक्षर नाही.

माझं नसरापूरला कुंपणाच्या सामानाचं दुकान आहे. सिमेंटचे पोल, जाळी, काटेरी तार, लोखंडी फाटकं. आमच्या भोर-वेल्ह्यात हल्ली भातापेक्षा पोल जास्त उगवतात. पुण्याचा माणूस डोंगराच्या पायथ्याला तुकडा घेतो, आधी कुंपण घालतो, मग पाटी लावतो आणि मग पुन्हा कधी फिरकत नाही. कुंपणाच्या आत नेमकं काय सांभाळायचंय ते ठरलेलं नसतं, पण ते कुणी नेऊ नये याची काळजी मात्र असते. मला काय, माझा धंदा चालतो. असं गिऱ्हाईक सामान घेतं आणि विचारतं, "खड्डे कोण मारून देईल?" मी सर्जाअप्पांचा नंबर देतो आणि मनातल्या मनात त्या गिऱ्हाइकाची क्षमा मागतो.

अप्पांच्या ट्रॅक्टरला मागं एक भलंमोठं गिरमिट जोडलेलं असतं. ते गरागरा फिरत जमिनीत घुसतं आणि पोलापुरता गोल खड्डा काढतं. आमच्याकडच्या जमिनीचं असं आहे की वर दोन वीत माती दिसते, आणि खाली कातळ आ वासून बसलेला असतो. कातळ लागला की गिरमिटाच्या दांड्यातला एक बोल्ट कटकन तुटतो. तो तुटावा म्हणूनच बसवलेला असतो. तो तुटला की गिरमिट थांबतं आणि वरचा गिअरबॉक्स वाचतो.

ही एवढीशी गोष्ट अप्पांनी डोक्यात घेतली आहे. जगात जिथं म्हणून भांडण दिसेल तिथं ते हाच मंत्र देतात: "बोल्ट तुटू दे, गिअरबॉक्स वाचला पायजे." एकदा बांधावरून दोन चुलतभाऊ एकमेकांच्या गळ्याशी आले होते. अप्पा ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "अरे, तुमच्यातला बोल्ट कोन हाय ते आदी ठरवा!" आपल्याला कायतरी वंगाळ बोलले असं वाटून ते दोघं मिळून अप्पांच्या अंगावर धावून गेले. भांडण मिटलं. अप्पा हे उदाहरण अजून सांगतात. पुतण्याच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला तर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बोल्ट हो." तो पोरगा हनिमूनला जाईपर्यंत अर्थ विचारत फिरत होता.

पावसाळ्यात कुंपणाची कामं थंडावतात आणि अप्पांचा दुसरा धंदा सुरू होतो, तो म्हणजे चिखलात रुतलेल्या गाड्या टोचन लावून ओढायचा. रुतलेल्या गाड्या बहुतेक मोठ्या, पांढऱ्या आणि पुण्याच्या. पण अप्पा साखळी हातात घेऊन तसेच उभे राहतात. आधी मालकानं खाली उतरून एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं: "मला गावातल्या माणसानं सांगितलं हुतं, म्या ऐकलं न्हाई." हे म्हटल्याशिवाय साखळी हुकात पडत नाही. गेल्या पावसाळ्यात एक साहेब, म्हणजे माणसांतले साहेब, गाडीसकट सरळ भातखाचरात शिरले होते. गुडघाभर चिखलात उभं राहून ते अप्पांना समजावत होते की त्यांच्या गाडीची चारही चाकं ओढतात. अप्पा म्हणाले, "व्हय, दिसतंय की. चारी चाकांनी वढून आत घातलीय." शेवटी साहेबांनी दात-ओठ खात ते वाक्य म्हटलं. तेवढ्यात गाडीतून त्यांची बायको ओरडली, "मी पण सांगितलं होतं!" अप्पांनी साखळी पुन्हा खाली ठेवली. "ताईंनी बी सांगितलं हुतं? मंग दोनदा म्हन."

असं सगळं असलं तरी काम मात्र चोख. दोरी लावतात, एक डोळा मिटून बघतात, पोल बोटभर बाहेर गेला असेल तर काढून पुन्हा रोवतात. तार ट्रॅक्टरला बांधून इंच इंच ओढतात आणि ताणलेल्या तारेवर पाना मारून कान लावतात. "ही रडतीया. आजून वढायला पायजे." गिऱ्हाईक म्हणतं, अप्पा, चालेल हो. अप्पा म्हणतात, "तुला चालंल. डुकराला बी चालंल." तार टणकन वाजल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत.

आता अप्पांच्या घराविषयी सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथं आहे.

अप्पांचं घर मार्गासनीच्या पुढं एका वाडीत. पुढं पडवी, आत स्वयंपाकघर आणि खोल्या, मागं परस. पडवी ही माणसांनी बसायची जागा असते अशी आपली समजूत. अप्पांच्या पडवीत साहेब बसतात. पाहुणा आला तर तो चाकाला वळसा घालून, मडगार्डला खांदा घासत आत जातो आणि ग्रीसचा टिळा लावून बाहेर येतो. थंडीत साहेबांच्या अंगावर गोधडी. ती अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे इंदूकाकींच्या, आईनं शिवलेली. पिस्टन धुवायचा तर पीठ मळायच्या परातीत. एकदा इंजिनचे नोझल उंदरांपासून जपून ठेवायचे म्हणून अप्पांनी ते देवघरात ठेवले. पहाटे अंधारात इंदूकाकींनी देवांबरोबर त्यांनाही हळदकुंकू वाहिलं. अप्पा म्हणाले, "बरं झालं. तवापासनं धूर मारत न्हाईत."

इंदूकाकी हे सगळं सोसत आल्या. त्यांचं मागणं एकच होतं. मागच्या परसात त्या भोपळा, वाल, रताळी असं काहीबाही लावायच्या आणि दर वर्षी डोंगरातून रानडुकरं उतरून सगळं नांगरून टाकायची. त्या म्हणायच्या, एवढ्याशा परसाला कुंपण घाला. अप्पा म्हणायचे, "उद्या मारू." अर्ध्या तालुक्याला कुंपण घालणाऱ्या माणसाच्या घराला साधी काटकी आडवी नव्हती. मी एकदा विचारलं तर मला म्हणाले, "घरचं काम हाय. घर कुठं पळून चाललंय?"

घर नाही पळालं. इंदूकाकी गेल्या.

त्या दिवशी अप्पा एका पुणेकराच्या आमराईला कुंपण घालून आले होते. त्या आमराईत आंबा एकही नव्हता, पाटीवर तेवढी चित्रं होती. घरी आले तर डुकरांनी रताळ्यांचा वाफा उलथापालथा केलेला. अप्पा म्हणाले, "च्यायला, जमीन मस्त भुसभुशीत केलीय." बस. दुसऱ्या दिवशी इंदूकाकी माझ्या दुकानापुढं जाळीच्या गुंडाळीवर बसून पुण्याच्या एसटीची वाट बघत होत्या. त्यांचा मुलगा संदीप नऱ्ह्याला फ्लॅटमध्ये राहतो.

"कुणी इचारलं तर नातीला सांभाळाया गेली म्हन," त्या म्हणाल्या.

"आणि खरं काय काकी?"

"खरं काय असायचंय? घरात ट्रॅक्टर, परसात डुकरं. म्या कुठं ऱ्हाऊ इलास?"

एसटी आली, त्या चढल्या आणि गेल्या. मी उगाच जाळीची गुंडाळी झटकत बसलो.

पहिले काही दिवस अप्पा फार खुशीत असल्यासारखे वागले. "आता कसं मोकळं झालं," म्हणायचे. जेवण कापूरहोळच्या ढाब्यावर, नाहीतर शेजारणीकडं, नाहीतर नाहीच. मोकळं झालेल्या माणसाच्या शर्टाची बटणं हळूहळू तुटत गेली आणि ती कुणी लावली नाहीत. कुंपण घालताना मध्येच हातातला पाना तसाच धरून उभे राहायचे. गिऱ्हाइकांना आता शिव्यासुद्धा धड मिळत नव्हत्या. एकानं माझ्याकडं तक्रार केली, "तुमचे अप्पा बरे आहेत ना? काल मला 'या' म्हणाले."

एक दिवस ते दुकानापुढं साहेब उभे करून आले. साहेबांचा स्टार्टर रुसलेला असल्यानं इंजिन बंद करायची सोय नव्हती. त्या धडधडाटात अप्पांनी खिशातून मोबाईल काढला, इंदूकाकींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि ओरडले, "संदीप हाय का?"

"हापिसात हाय. त्याला त्याच्या फोनवर लावा की."

"न्हाई, तसं काय न्हाई." अप्पांनी घसा खाकरला. "साहेब इचारत हुते."

"काय इचारत हुते?"

"हेच. समदी बरी हायती का."

साहेबांचा धडधडाट फोनमधून पलीकडं जात होता. मी वजनकाट्याशी खोटंच काहीतरी करत होतो. मग इंदूकाकींचा आवाज आला, "त्येच्या फिल्टरमदी कचरा झालाय. दम लागतोय त्येला. साफ करा आदी." आणि फोन बंद झाला.

अप्पा फोनकडं बघत राहिले. मग तिथंच भर रस्त्यात त्यांनी हवेचा फिल्टर उघडला. आत भुसा, पालापाचोळा आणि उंदरानं घातलेलं घरटं. "बघ!" अप्पा मला हलवत म्हणाले, "बघ की लेका! नऱ्ह्यात बसून वळखलं तिनं!" इतका आनंद त्यांना संदीप पास झाला तेव्हाही झाला नव्हता. त्या दिवशी आमच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांनी मला चहा पाजला. कप खाली ठेवताना म्हणाले, "इलास, ती न्हाई येणार रं आता." आवाज अगदी पडलेला होता. मी म्हटलं, येतील हो. असं म्हणायला काही अक्कल लागत नाही.

मे महिन्यात ते पोल घ्यायला आले. एरवी माझ्या पोलांना नावं ठेवल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. या वेळी एकेक पोल वाजवून, फिरवून, निवडून बाजूला काढला. जाळी बारीक डोळ्याची मागितली, डुकराचं पिल्लूही जाऊ नये अशी.

"गिऱ्हाईक कोण?"

"हाय एक. लई किरकिरं."

मी सामान टेम्पोत भरून साहेबांच्या मागं निघालो. मार्गासनी गेली, वाडीचा फाटा आला, आणि साहेब थेट अप्पांच्या घरापुढं जाऊन थांबले. मला गप्प बसायची सवय नाही. "अप्पा, गिऱ्हाईक घरातलंच निघालं की!"

"पोल उतरव. तोंड नगं चालवू."

परसाखाली कातळच कातळ. सकाळपासून बोल्ट तुटत होते. अप्पा तुटका काढायचे, नवा घालायचे, "दमानं घ्या साहेब" म्हणायचे आणि पुन्हा गिरमिट लावायचे. कापूरहोळहून आणलेले बोल्ट संपले, मग मला पुन्हा पिटाळलं. घाम कपाळावरून डोळ्यात जात होता, पण एक खड्डा त्यांनी कमी खोल सोडला नाही. नुसतं परस नाही, मागं-पुढं अख्ख्या घराला वेढा घातला. तार ताणताना तर इतक्या वेळा पाना मारून ऐकली की शेजारीपाजारी वैतागले.

सगळं उरकलं, फाटकाचे दोन पोल सिमेंटात पक्के झाले आणि अप्पांनी मधोमध फाटक लटकवलं. मग सगळी वाडी ज्याला हसली ते घडलं, म्हणजे दिसलं. फाटक एवढंसं. डोक्यावर भारा घेतलेली बाई जेमतेम आत जाईल एवढं. आणि साहेब कुंपणाच्या बाहेर!

"आरं, अप्पानं साहेबालाच भाईर ठेवलं की!" कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. तालुक्यात कुंपण घालणारा एवढा एक्का, आणि स्वतःच्या घराचं कुंपण घालून स्वतःचाच ट्रॅक्टर बाहेर कोंडून बसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसत होतो. "अप्पा, दोन पोल काढू, माझ्याकडं मोठं फाटक पडलंय," असंही म्हटलं.

"माप चुकलं," अप्पा एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

ही गोष्ट मी पुढं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मीठमसाला लावून सांगितली. लोक पोट धरून हसले. बोटभर वाकडा पोल ज्याला झोपू देत नाही, त्याचं माप एवढं कसं चुकलं, हे कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. धंद्यात बुद्धी खर्च होते, दुसरीकडं वापरायला उरत नाही.

पाऊस लागल्यावर मी एकदा त्यांच्याकडं उरलेली तार आणायला गेलो. साहेब रस्त्याकडेला निळ्या प्लास्टिकखाली भिजत उभे होते. धुराड्यात पाणी जाऊ नये म्हणून त्यावर अप्पांचा चहाचा पेला पालथा घातला होता. मी फाटकातून आत गेलो आणि पडवीत पाऊल ठेवलं. पडवी रिकामी. ग्रीसचे डाग खरवडून काढलेले. अप्पांनी स्वतःच्या हातानं शेणानं सारवलेलं, कुठं जाड, कुठं पातळ, कोपरे तसेच राहिलेले. भिंतीला परात टेकवून ठेवली होती, आरशासारखी घासलेली. आणि दांडीवर ती गोधडी, धुऊन वाळत घातलेली.

माझं हसू जागच्या जागी गेलं. आपण किती मोठे गाढव आहोत हे माणसाला असं अधूनमधून कळावं.

अप्पा घरात नव्हते. मी तिथूनच इंदूकाकींना फोन लावला. "काकी, कुंपण झालं."

"कुनाच्या?"

"तुमच्या."

"आन ट्रॅक्टर?"

"बाहेर. फाटकातून आत येतच नाही. माप चुकलंय म्हणतात."

"त्येंचं? माप?" इंदूकाकी म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

पुढच्याच आठवड्यात त्या नसरापूरला एसटीतून उतरल्या. माझा टेम्पो तिकडंच निघाला होता, असं मी त्यांना सांगितलं. हातात एक लहानशी पिशवी. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाल्या, "सांजच्या गाडीनं माघारी जायाचंय. नातीची शाळा हाय." सगळ्या वाटेत मी त्या पिशवीकडं बघत होतो. एका मुक्कामाचे कपडेही मावले नसते तिच्यात.

अप्पांना संदीपनं कळवलं असावं. पांढरा कोरा शर्ट घालून ते साहेबांशेजारी उभे होते, आणि त्या शर्टात कुणा दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखे दिसत होते. "आलीस?" म्हणाले. इंदूकाकींनी मान हलवली. फाटकाच्या मधोमध थांबल्या. दोन्ही बाजूंच्या पोलांना हात पुरतात का ते पाहिलं. पुरले.

"एवढं बारीक दार?"

"माप चुकलं," अप्पा जमिनीकडं बघत म्हणाले. "बदलायचं आसंल तर बदलू."

"काय नगं. ऱ्हाऊ द्या."

त्या पडवीत गेल्या. सारवणावर थोडा वेळ उभ्या राहिल्या. पायाच्या अंगठ्यानं एक जाड राहिलेला पोपडा दाबून बघितला. मग आतून मागं, परसात. आम्ही दोघं बाहेर. मी घड्याळ बघत होतो, कारण संध्याकाळच्या एसटीला त्यांना मलाच सोडायचं होतं.

परसातून आवाज आला, "इलास! नसरापूरला हळदीचं बेणं मिळंल का रं? जरा उशीर झालाय, पन ईल."

हळद आता जमिनीत घातली की काढायला होळी उजाडते. हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी पोल विकणारा माणूस, बेण्याचा आणि माझा काय संबंध? पण मी जोरात ओरडलो, "मिळेल काकी! आत्ता आणतो!"

अप्पा साहेबांकडं वळले होते. इंजिनाच्या बाजूची ऑइल बघायची पट्टी त्यांनी बाहेर काढली, शर्टाला पुसली, आत घातली, पुन्हा काढली, पुन्हा पुसली. ऑइल किती आहे ते त्यांना काही दिसत नव्हतं, कारण डोळे वाहत होते. कोऱ्या शर्टावर काळे पट्टे उठत चालले होते.

"शर्टाला काय पुसताय?" इंदूकाकी फाटकात येऊन ओरडल्या. "धुवायचा मलाच हाय त्यो!"

मी टेम्पो वळवला आणि बेणं आणायला निघालो.